दुःखसहनाचा वृत्तांत घरच्या प्रार्थनासभेत कसा वाचावा : स्वेच्छेचे बलिदान आणि डळमळणारी निष्ठा

पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळात बेळगाव, खानापूर, निपाणी आणि आसपासच्या गावांतील ख्रिस्ती घरांत संध्याकाळच्या प्रार्थनासभा भरतात आणि त्यांत ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा, म्हणजे त्याच्या अटकेचा, चौकशीचा आणि क्रूसावरील मरणाचा, वृत्तांत वाचला जातोच. आपली नेहमीची रीत अशी की, एका संध्याकाळी ख्रिस्ताचे बलिदान घ्यावे, दुसऱ्या संध्याकाळी येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याचा विश्वासघात घ्यावा आणि पेत्राचे नाकारणे, म्हणजे अटकेच्या रात्री मी येशूला ओळखत नाही असे त्या शिष्याने तीनदा म्हणणे, एखाद्या तरुणाला पाच मिनिटे बोलण्यासाठी सोपवावे. या लेखात मी वेगळी रीत सुचवीत आहे. बलिदान आणि डळमळणारी निष्ठा ही दोन्ही एकाच बैठकीत, एकमेकांना लागून वाचावीत, कारण शुभवर्तमानकारांनी, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणाऱ्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी, ती तशीच लिहून ठेवली आहेत.

मार्काचा चौदावा अध्याय उघडून पाहावा. पहिल्या दोन वचनांत मुख्य याजक आणि शास्त्री येशूला कपटाने धरण्याचा बेत करतात, दहाव्या आणि अकराव्या वचनांत यहूदा इस्कर्योत त्यांच्याकडे जाऊन त्याला धरून देण्याचे कबूल करतो, आणि या दोन मसलतींच्या मधोमध यरुशलेमजवळच्या बेथानी गावातील ती स्त्री येते, जी बहुमोल सुगंधी तेलाची कुपी फोडून येशूच्या मस्तकावर ओतते. पुढे याच अध्यायात पेत्र दुरूनच मागोमाग येऊन प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात शेकत बसतो. हे ५४व्या वचनात सांगून लेखक त्याला तेथेच बसवून ठेवतो, आत चाललेली येशूची चौकशी सविस्तर सांगतो आणि ६६व्या वचनात पुन्हा अंगणात येतो. आत येशूला तो कोण आहे असे विचारले जाते आणि उत्तर जिवावर बेतणार हे ठाऊक असूनही तो सरळ उत्तर देतो. बाहेर एक दासी पेत्राला तूही त्याच्याबरोबर होतास असे म्हणते आणि तो कानांवर हात ठेवतो. हे दोन प्रसंग वेगवेगळ्या दिवशी वाचले, तर लेखकाने मुद्दाम घातलेली सांगड सुटते आणि ऐकणाऱ्याच्या हाती एक थोर हुतात्मा आणि एक भित्रा शिष्य एवढेच उरते.

सभेची तयारी

आठवड्याला एकच सभा ठेवावी आणि एका सभेत एकच मुख्य उतारा घ्यावा. उद्यमबागेतील कारखान्यांत पाळीवर जाणारे आणि पहाटे धारा काढायला उठणारे लोक सभेत असतात. त्यांना तासाभराहून अधिक बसवून ठेवणे योग्य नाही. गीते दोनच घ्यावीत आणि तीही सर्वांना तोंडपाठ असलेली, म्हणजे वेळ वाचनाला मिळतो.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे टाळता येत नाही आणि तो टाळूही नये. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली सुरू झाले आणि १९०४ साली ते मेथडिस्ट मंडळीकडे आले. रोमन कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. या सर्व प्रवाहांतील कुटुंबांत आज मराठी, कन्नड आणि कोकणी या भाषा एकाच छताखाली नांदतात. आज्जीच्या मांडीवर मराठी पवित्र शास्त्र असते, कन्नड शाळेत शिकलेल्या मुलाच्या हातात कन्नड असते आणि नातवंडे मोबाइलवर इंग्रजी वाचत असतात. म्हणून पुस्तकाचे नाव दोन्ही प्रकारे सांगावे, जसे उत्पत्ती म्हणजे कन्नड शास्त्रातील आदिकांड, आणि अध्याय व वचनाचे आकडे सावकाश उच्चारून सर्वांची पाने लागेपर्यंत थांबावे. संपूर्ण उतारा मराठीत वाचून झाल्यावर त्यातील दोन-तीन कळीची वचने कन्नडमध्ये वाचून घ्यावीत. प्रश्न ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत विचारू द्यावा. सभा चालवणाऱ्याने तो दुसऱ्या भाषेत सांगितला की काम भागते.

कॅथलिक घरांत शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासातील एकेका प्रसंगापाशी थांबून केलेली प्रार्थना, केली जाते. तिच्या परंपरागत १४ स्थानांत पेत्राचे नाकारणे नाही. मात्र १९९१ सालच्या पवित्र शुक्रवारी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये शास्त्रातील प्रसंगांवर आधारलेली जी क्रूसाची वाट केली, तिच्यात यहूदाने धरून देणे आणि पेत्राचे नाकारणे या दोहोंना स्थान आहे. ज्या घरांना ही भक्ती प्रिय आहे त्यांनी ती मांडणी घ्यावी. येथे सुचवलेल्या वाचनाला ती अगदी जवळची आहे.

आरंभ मोरियाच्या डोंगरापासून

पहिल्या संध्याकाळी उत्पत्तीचा बाविसावा अध्याय घ्यावा. देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम आपला मुलगा इसहाक याचे बलिदान करायला मोरियाच्या डोंगरावर नेतो आणि ऐन वेळी देव त्याला थांबवतो, ही गोष्ट सर्वांना माहीत असल्यामुळे ती भराभर वाचली जाते आणि सुरी उगारण्याच्या प्रसंगाकडेच सर्वांचे लक्ष धावते. चालवणाऱ्याने वाचणाऱ्याला सहाव्या ते आठव्या वचनांजवळ थांबवावे. होमाची लाकडे इसहाकाच्या खांद्यावर आहेत, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात आहे, विस्तव आहे, लाकडे आहेत, पण कोकरू कोठे आहे असे मुलगा विचारतो, आणि ते दोघे बरोबर चालत गेले हे वाक्य त्या प्रश्नाच्या आधी एकदा आणि उत्तरानंतर पुन्हा एकदा येते. प्रश्न विचारल्यानंतरही इसहाकाची पावले थांबली नाहीत, याकडे ऐकणाऱ्यांचे लक्ष वेधावे. होमाला पुरतील एवढी लाकडे डोंगरावर वाहून नेणारा मुलगा तान्हा नव्हता. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस याने त्याचे वय २५ वर्षे दिले आहे. मूळ उतारा वयाबद्दल मौन बाळगतो. परंतु म्हाताऱ्या बापाने धट्ट्याकट्ट्या मुलाला बांधले तेव्हा त्या मुलाने बांधू दिले असले पाहिजे, हा विचार फार जुना आहे आणि मला तो पटतो.

याच संध्याकाळी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे चालवणाऱ्याचे कर्तव्य आहे. योहान १०:१८ मध्ये येशू म्हणतो की, त्याचा प्राण कोणी त्याच्यापासून घेत नाही, तो आपण होऊन देतो. ज्या त्यागाला शास्त्र मान देते, तो देणाऱ्याच्या अशा मोकळ्या मनातून आलेला असतो. आपल्या घरांत मात्र त्याग पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर लिहिला जातो. थोरल्या मुलीची शाळा धाकट्या भावासाठी बंद होते, सुनेच्या अंगावरचे दागिने दिराच्या धंद्यासाठी गहाण पडतात, आणि वर तिला ख्रिस्ताने कसे सोसले हे ऐकवले जाते. याला बलिदान म्हणणे म्हणजे क्रूसाचा गैरवापर करणे होय. शास्त्यांच्या अकराव्या अध्यायात इफ्ताह हा इस्राएलाचा सरदार, लढाई जिंकलो तर घरातून जे प्रथम सामोरे येईल त्याचा होम करीन, असा नवस बोलतो आणि त्याचे मोल त्याच्या एकुलत्या एका मुलीला भरावे लागते. तेथे देवाने असा नवस मागितल्याचे एक अक्षरही नाही आणि ती तरुणी आपल्या मैत्रिणींसह डोंगरावर दोन महिने शोक करते. मोरियावर देवाने स्वतः हात आवरायला लावला, ही बाब या दोन कथा शेजारी ठेवल्यावर ठळक होते. सभेत बायका अधिक असतील, तर हा भाग घाईने उरकू नये.

बेथानीतील कुपी

दुसऱ्या सभेत मार्क १४:१-११ एकसलग वाचावे. तेलाची किंमत ३०० दिनारांहून अधिक होती असे तेथे कुरकुरणारे म्हणतात. मत्तय २०:२ वरून एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी हे कळते. येथे हिशेब ऐकणाऱ्यांकडूनच करवून घ्यावा. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला, खानापूरकडे कौलाच्या किंवा विटांच्या भट्टीवर राबणाऱ्याला, आपल्या एका दिवसाच्या मजुरीला ३०० ने गुणायला सांगावे. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, आणि सण वगळले तर ती जवळजवळ वर्षभराची कमाई होते. आकडा तोंडातून बाहेर पडला की त्या कुपीचे वजन सर्वांना कळते, आणि कुरकुरणाऱ्यांचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते हेही कळते. एवढ्या पैशांत गरिबांचे किती भले झाले असते, हा प्रश्न आपल्यापैकी कोणीही विचारला असता.

मग लगेच पुढची दोन वचने वाचावीत. यहूदा उठून याजकांकडे जातो आणि ते त्याला पैसे देण्याचे वचन देतात. मत्तय ही रक्कम ३० रुपये म्हणजे चांदीची ३० नाणी असल्याचे सांगतो. निर्गम २१:३२ प्रमाणे बैलाने शिंगांनी मारून ठार केलेल्या दासाबद्दल त्याच्या धन्याला एवढीच भरपाई द्यायची असे. एका बाजूला मोल न मोजता ओतणारी बाई आहे, आणि दुसऱ्या बाजूला काय द्याल असे विचारणारा शिष्य आहे. त्या स्त्रीला कोणी मागितले नव्हते, कोणी सांगितले नव्हते, आणि तिने काय केले याचे गोडवे येशूने स्वतः गायिले.

यहूदाबद्दल बोलताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी. त्याच्या नावावरून यहुदी लोकांविषयी कडवट बोलणे सभेत होऊ देऊ नये; येशू, त्याची आई, पेत्र, ती स्त्री, सगळे यहुदीच होते. दुसरे असे की, मत्तय २७:३-५ मध्ये यहूदा पस्तावतो, नाणी मंदिरात फेकून देतो आणि गळफास घेतो. आपल्या गावांत कर्जापायी किंवा घरच्या तंट्यापायी कोणी असा जीव दिलेला असतो आणि त्याची आई, बायको, भाऊ त्याच सतरंजीवर बसलेले असतात. त्यांच्यासमोर कोणाच्याही अंतिम गतीचा निवाडा करू नये. शास्त्रात घडले तेवढे वाचावे आणि पुढे जावे.

बाग आणि अंगण

सर्वांत अधिक वेळ तिसऱ्या सभेला द्यावा, किंबहुना ती दोन संध्याकाळींत विभागली तरी चालेल. मार्क १४:२६-७२ हा उतारा दोन वाचकांकडून वाचून घ्यावा. एकाने येशूविषयीचा भाग वाचावा, दुसऱ्याने पेत्र आणि इतर शिष्यांविषयीचा. दोघांनी खोलीच्या दोन बाजूंना बसावे. असे वाचल्याने वृत्तांत कसा मागे-पुढे हेलकावतो, हे कोणी समजावून न सांगता ऐकू येते.

प्रथम पेत्राचा शब्द येतो. सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, तुझ्याबरोबर मरावे लागले तरी तुला नाकारणार नाही, असे तो आवेशाने म्हणतो. ३१व्या वचनाचा शेवट वाचकाने गाळू नये, कारण तेथे सगळे तसेच म्हणाले असे लिहिले आहे. बढाई एकट्या पेत्राच्या माथी मारायची सोय लेखकाने ठेवलेली नाही. मग गेथशेमाने ही बाग येते. येशू तीनदा प्रार्थना करतो आणि तीनदा येऊन पाहतो तो शिष्य झोपलेले असतात. त्याची प्रार्थना ऐकताना एक गोष्ट निसटू नये. हा प्याला दूर कर, असे तो खरोखर मागतो. त्याला मरण हवे नव्हते, त्याला धास्ती वाटत होती, त्याचा जीव अतिशय खिन्न झाला होता, आणि तरीही माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असे तो म्हणतो. स्वेच्छेचे बलिदान म्हणजे भीतीचा अभाव अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हा उतारा गुडघे टेकून वाचावा.

आता सभेपुढे एक प्रश्न ठेवावा : पेत्र भित्रा होता का? उत्तर बहुधा हो असेच येईल. मग योहान १८:१० काढायला सांगावे. तलवारी आणि सोटे घेऊन आलेल्या जमावापुढे तलवार उपसणारा आणि प्रमुख याजकाचा दास मल्ख याचा कान छाटणारा शिष्य पेत्रच होता, असे योहान सांगतो. एवढ्या लोकांवर एकट्याने हत्यार उचलणारा माणूस मरायला तयार होता, यात शंका नाही. तो मरायला तयार होता, पण लढून मरायला. धन्याने लढाईच नाकारली आणि हात पुढे करून स्वतःला बांधू दिले, तेव्हा पेत्राच्या हाती करण्यासारखे काही उरले नाही. माझ्या मते त्याची निष्ठा डळमळली ती येथे, अंगणातील दासीसमोर नव्हे. त्याने स्वतःसाठी एक बलिदान ठरवून ठेवले होते आणि ते त्याच्याकडून मागितलेच गेले नाही. जे मागितले गेले, म्हणजे जागे राहणे, शस्त्र टाकणे, बांधलेल्या माणसाचा मी सोबती आहे असे चारचौघांत कबूल करणे, त्याची तयारी त्याने केली नव्हती. हा विचार सभेत मांडल्यावर घाईने पुढे जाऊ नये. आपण देवाला काय द्यायचे ते आधीच ठरवून बसलेले असतो आणि वेगळे मागितले गेले की गडबडतो, याची उदाहरणे लोक आपण होऊन देऊ लागतात. मंडळीच्या इमारतीसाठी देणगी देणारा माणूस भावाशी अबोला मोडायला तयार नसतो.

योहानाच्या त्याच अध्यायातील आठवे वचनही याच वेळी वाचावे. मला शोधत असाल तर यांना जाऊ द्या, असे येशू शिपायांना सांगतो. शिष्य पळाले हे खरे, पण ज्या वाटेने ते पळाले ती वाट त्याने आपल्याला धरू देऊन त्यांच्यासाठी मोकळी करून घेतली होती. आणि लूक २२:३१-३२ प्रमाणे, पेत्राने बढाई मारण्याच्याही आधी येशूने त्याला सांगितले होते की, सैतानाने तुम्हा सर्वांना गव्हासारखे चाळण्याची मागणी केली आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. सुगीनंतर खळ्यावर चाळण धरलेल्या बाईला हे वचन वाचायला द्यावे. चाळण हलते तेव्हा दाणा आणि खडा दोन्ही सारखेच उडतात, आणि कोणते काय ते हलवणे थांबल्यावरच कळते, हे ती अधिक चांगले सांगेल.

निष्ठेचा विषय आपल्या भागात निघाला की बोलणे कधी कधी सीमाप्रश्नाकडे वळते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून हा प्रश्न घराघरांत जिवंत आहे आणि कोण कोणाशी एकनिष्ठ राहिला, कोण फुटला, याच्या आठवणी ताज्या आहेत. अशा वेळी कोणाला गप्प करू नये, पण वाचन त्या वादाला जुंपूही नये. त्यापेक्षा २ शमुवेल १५:१९-२१ काढावे. अबशालोमाने बंड केल्यामुळे दावीद राजा यरुशलेम सोडून निघाला आहे, आणि त्याच्याबरोबर चाललेला इत्तय हा गित्ती, म्हणजे पलिष्ट्यांच्या गथ नगराचा, परका माणूस आहे. तू कालच आलास, माघारी जा, असे राजा म्हणतो. जगण्यासाठी असो की मरण्यासाठी, जेथे माझा स्वामी तेथे मी, असे तो उत्तर देतो. त्याच वेळी राजाचा घरचा मंत्री अहीथोफेल बंडखोरांना मिळालेला असतो. सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसे एका खोलीत बसलेली असताना हा उतारा पुष्कळ काम करतो आणि भाष्याची फारशी गरज लागत नाही.

पुनरुत्थानानंतरची सभा

पुष्कळ ठिकाणी ही मालिका पवित्र शुक्रवारी संपते. ती तेथे संपवू नये, कारण मग पेत्र रडत बाहेर गेलेला तसाच राहतो. पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या आठवड्यात योहान २१ वाचावा. प्रमुख याजकाच्या अंगणात थंडीमुळे कोळशांचा विस्तव पेटवलेला होता, असे योहान १८:१८ सांगते. आता तिबिर्य समुद्राच्या काठी पुन्हा कोळशांचा विस्तव आहे, त्यावर मासळी आहे, भाकर आहे, आणि या वेळी विस्तव येशूने पेटवलेला आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी ही सभा अंगणात, शेगडीत कोळसे पेटवून घ्यावी आणि दोन्ही उतारे तेथेच एकामागून एक वाचावेत. मुलांना याहून वेगळे काही समजवावे लागत नाही.

तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा विचारले जाते आणि प्रत्येक वेळी कळप सोपवला जातो. येशू त्या रात्रीचा जाब विचारीत नाही. त्यानंतर १८वे वचन येते. तू म्हातारा होशील तेव्हा हात पुढे करशील आणि दुसरा माणूस तुला बांधून, तुझी इच्छा नसेल तेथे नेईल. बागेत तलवार उपसून जे मरण पेत्राने मागितले होते ते हे नव्हे. हे त्याच्या धन्याचे मरण आहे, आणि आता तो त्यासाठी मागे चालायला तयार होतो.

मंडळी सोडून गेलेले आणि परत यायला संकोचणारे कोणी घरात असेल, तर याच सभेत प्रेषित पौल आणि त्याचा सहकारी बार्नबा यांच्याबरोबर प्रवासाला निघालेल्या योहान मार्काची गोष्टही थोडक्यात सांगावी. तो पंफुल्या या प्रांतातून पौलाला सोडून माघारी गेला, त्याच्यावरून पौल आणि बार्नबा यांच्यात तीव्र मतभेद होऊन ते वेगळे झाले, आणि पुढे २ तीमथ्य ४:११ मध्ये तोच पौल मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असे लिहितो. त्याच्या आदल्याच वचनात देमास हा सहकारी पौलाला सोडून गेल्याची नोंद आहे. परत आलेला आणि सोडून गेलेला अशा दोघांची नावे पौलाने एकाच श्वासात लिहिली आहेत, आणि कोणाला कोणत्या रांगेत बसवायचे हे सभेने ठरवायचे नाही.

तरीही कोणीतरी शेजारच्या कुटुंबाचे किंवा दुसऱ्या मंडळीचे नाव काढतेच. त्यासाठी चालवणाऱ्याने योहान २१:२१-२२ वर आधीच खूण करून ठेवावी. पेत्रसुद्धा तेथे मागे वळून प्रिय शिष्याकडे पाहतो आणि याचे काय असे विचारतो, आणि त्याला उत्तर मिळते की, त्याचे तुला काय, तू माझ्यामागे ये. ज्याने नाव काढले त्यालाच ही दोन वचने मोठ्याने वाचायला द्यावीत आणि त्यावर चर्चा न घेता प्रभूची प्रार्थना सुरू करावी.